बागेच्या शेडमधली डुक्कर फियाट: गंजलेल्या लोखंडी सामानाचं एक प्रकरण

गाडी १९६१ ची फियाट ११००, म्हणजे आपल्याकडे सगळे जिला डुक्कर फियाट म्हणतात ती. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून निघालेली, १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली आणि पुढची दारं उलटी उघडणारी. मालक निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली. पंचक्रोशीत सगळे मालकांना नाना म्हणतात, मीही तेच म्हणतो. इंजिनाचं काम एका जुन्या मिस्त्रींनी उत्तम केलं होतं, बॉडीचा रंगही झाला होता. माझ्याकडे आलं ते फक्त लोखंडी सामान: दारांच्या आणि बॉनेटच्या बिजागऱ्या, बॉनेटचं लॉक, बंपरचे ब्रॅकेट, बॅटरीचा ट्रे, सीटच्या रेल, स्टेपनीचा क्लॅम्प आणि डबाभर नट-बोल्ट-वायसर.

हे सामान एकदा रंगवून झालेलं होतं. ज्या गॅरेजात बॉडी रंगवली तिथेच सगळ्या बारीकसारीक लोखंडावर चंदेरी रंगाचा एक हात मारून दिला होता. पहिला पावसाळा संपेपर्यंत त्या रंगाखालून तपकिरी फोड वर आले. नखाने टोकरलं की पोपडा सुटायचा आणि आतून पावडर गळायची. गंजावरच रंग मारला की असंच होतं. रंग पकड घेतो ती गंजाची, आणि गंजालाच लोखंडाची पकड नसते.

नानांना पुन्हा रंग मारून हवा होता. मी म्हटलं, "नाना, आधी गाडी कुठे उभी होती ते दाखवा."

गंजलेलं सामान हातात आलं की आपण लगेच तारेचा ब्रश शोधायला लागतो. माझं मत आहे की ब्रशला हात लावायच्या आधी गाडीचा मुक्काम पाहावा. साधा पाण्याचा गंज, बॅटरीच्या ॲसिडचा गंज आणि खताचा गंज वरून सारखेच दिसतात, पण त्यांवरचा इलाज एक नाही.

शेड पत्र्याची, तीन बाजूंनी बंद. गाडीच्या उजव्या अंगाला लाकडी फळ्यांवर खताची पोती, त्यात म्युरेट ऑफ पोटॅश होतं. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचंच भावंड. ते हवेतला ओलावा ओढतं आणि क्लोराइड लोखंडाला कसं खातं हे समुद्रकाठच्या कुणालाही विचारा. मागच्या भिंतीशी गंधकाची पाकिटं आणि मोरचुदाची फुटलेली गोणी. वर पत्रा. निफाडची थंडी महाराष्ट्रभर माहीत आहे. रात्री पारा उतरला की पत्रा आणि गाडी दोन्ही गार पडतात, सकाळी उबदार दमट हवा आत आली की लोखंडावर दव धरतं. म्हणजे पाऊस नसतानाही गाडी हिवाळाभर रोज ओली होत होती, आणि त्या ओलाव्यात खताची धूळ विरघळत होती. सगळ्यात जास्त सडलेले ब्रॅकेट पोत्यांच्या बाजूचेच होते, म्हणजे उजवे. डावे बरेच बरे होते. हा फरक पाहिल्यावर माझी खात्री पटली.

सामान उतरवताना घाई केली नाही. गंजलेल्या बोल्टला आधी किंचित आवळायचं, मग सोडवायचं. आवळताना गंजाची पकड तुटते आणि आटे वाचतात. ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन समप्रमाणात मिसळून आदल्या रात्री सोडलं होतं. बिजागऱ्यांचे बसके स्क्रू इम्पॅक्ट ड्रायव्हरने सुटले. पेट्रोलच्या टाकीजवळ गॅसची ज्योत अजिबात वापरली नाही. तिथले दोन बोल्ट सरळ कापले. बाकी प्रत्येक बोल्ट निघाला की नायलॉनच्या दोऱ्यात ओवून त्याला चिठ्ठी बांधायची आणि मोबाइलवर फोटो काढायचा. दोरा नायलॉनचाच, कारण पुढे तो बोल्टबरोबर आम्लात जाणार असतो.

जुने बोल्ट ठेवायचे की नवे घालायचे यावर नानांच्या मुलाचं आणि माझं थोडं वाजलं. तो म्हणाला, "दादा, नाशिकला द्वारका चौकात पाहिजे त्या मापाचे चकाचक बोल्ट मिळतात, कशाला एवढा जीव काढताय?" मिळतात हे खरं. फियाटचं सगळं काम मेट्रिक मापाचं असल्यामुळे अँबॅसडरवाल्यांपेक्षा आपण सुखी. पण जुन्या बोल्टची डोकी वेगळी, त्यांवरच्या बनावटीच्या खुणा वेगळ्या, आणि पन्नास वर्षांपुढच्या गाडीत नजर आधी तिथेच जाते. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी जे नियम केले त्यांत गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असावी, चासी, बॉडी शेल आणि इंजिनात मोठे फेरफार नसावेत अशी अट आहे. त्यात बोल्टचा उल्लेख नाही, पण ज्या भावनेने तो नियम आला ती मला मान्य आहे. शेवटी ठरलं असं: जिथे माणसाचा जीव अडकतो, म्हणजे मागच्या पाट्यांचे यू-बोल्ट आणि पुढच्या सस्पेन्शनचे बोल्ट, तिथे नवं आणि योग्य ताकदीचंच. जे डोळ्यांना दिसतं आणि ज्यावर फार भार नाही, तिथे जुनं वाचवायचं.

मग सामानाचे ढीग केले. क्रोम केलेली दारांची हँडल पहिल्यांदा बाजूला काढली. आतून ती जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची असतात, आम्लात टाकली की गेलीच. स्प्रिंगा आणि जास्त ताकदीचे बोल्ट यांचाही वेगळा ढीग, त्याचं कारण पुढे येईल. उरलेले बोल्ट आणि बिजागऱ्या लिंबूसत्वाच्या पाण्यात सोडल्या. एक लिटर कोमट पाण्याला ५० ग्रॅम, प्लास्टिकची बादली. हे आम्ल सौम्य आहे, वास नाही, किराणा दुकानात मिळतं. पण सौम्य आहे म्हणून रात्रभर विसरायचं नाही. गंज संपला की ते चांगल्या लोखंडालाही लागतं. दर तासा-दोन तासांनी बाहेर काढून ब्रशने घासायचं आणि काळी साय निघाली की थांबायचं.

आणि इथे या प्रकरणातली खरी गोष्ट समोर आली.

मागच्या उजव्या दाराच्या बिजागरीचे बोल्ट बादलीतून काढले, धुतले आणि उन्हात धरले. आट्यांच्या तळाशी गुलाबी-तांबूस थर चमकत होता. पहिल्या नजरेला वाटावं गंज राहिलाय. पण गंज चमकत नाही. पिनेच्या टोकाने ओरखडा काढला तर आत आणखी लख्ख तांबूस रेघ उमटली. त्याच बादलीतल्या इतर बोल्टवरही तसलीच झाक होती.

नाना शेजारी बसून चहा पीत होते. त्यांनी बोल्ट हातात घेतला आणि लगेच म्हणाले, "अरे भाऊ, हा तर बोर्डोचा खिळा!"

ज्यांनी द्राक्षबाग केली नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक टक्का बोर्डो मिश्रण म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं. चुना पुरेसा पडला की नाही हे पाहायला शेतकरी त्यात लोखंडी खिळा किंवा विळ्याचं पातं थोडा वेळ बुडवतो. लोखंडावर तांबूस रंग चढला तर मोकळं मोरचूद शिल्लक आहे, म्हणजे आणखी चुना घाला, नाहीतर पानं जळतील. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. त्याच्या द्रावणात लोखंड गेलं की लोखंड विरघळतं आणि त्याच्या जागी तांबं बसतं. नानांनी ही परीक्षा आयुष्यभर बागेत केली होती. इथे त्यांची गाडीच खिळा झाली होती. फुटलेल्या गोणीची निळी धूळ वर्षानुवर्षं बिजागऱ्यांच्या फटीत बसली, दवाने भिजली, गंजात मुरली. लिंबूसत्वाने गंज विरघळवला तेव्हा त्यातलं तांबंही मोकळं झालं आणि बादलीतल्या स्वच्छ लोखंडावर जाऊन बसलं.

यावर रंग मारला असता तर काय झालं असतं? तांबं आणि लोखंड एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये ओलावा शिरला की त्यांची बारीक बॅटरी तयार होते, आणि तिच्यात झिजतं ते लोखंड. रंगाला एखादा केसाएवढा तडा पडला की आतून गंज भराभर पसरतो. चंदेरी रंग एका पावसाळ्यात का उखडला याचं अर्धं उत्तर या आट्यांत होतं. म्हणून मला हे प्रकरण लिहावंसं वाटलं. निफाड, दिंडोरी, चांदवडच्या बागांत अशा कितीतरी जुन्या गाड्या, जीप आणि ट्रॅक्टर खता-औषधांच्या शेजारी उभे आहेत आणि त्यांच्यावर वरच्या वर रंगाचे हात चढताहेत.

तांबं काढायला दोन गोष्टी केल्या. बिजागऱ्यांसारख्या मोठ्या तुकड्यांना नाशिकच्या अंबडला काचेच्या बारीक मण्यांचं ब्लास्टिंग करून आणलं. वाळूपेक्षा हे मणी बरे, खुणा आणि कडा शाबूत राहतात. आट्यांत मणी नीट पोचत नाहीत, म्हणून बोल्ट पातळ अमोनियाच्या पाण्यात उघड्यावर ठेवले. तांबं हवेच्या साथीने अमोनियात हळूहळू उतरतं आणि पाणी निळंशार होतं. लोखंडाला अमोनिया त्रास देत नाही. पाणी निळं झालं तेव्हा निदानावर शिक्कामोर्तबच झालं. दोन सूचना: ब्लीचिंग पावडर किंवा तत्सम काही अमोनियाच्या आसपास आणू नका, विषारी वायू होतो. आणि हे काम घरात करू नका.

बंपरचे ब्रॅकेट हा वेगळा विषय होता. उजव्या बाजूचे ब्रॅकेट घासून स्वच्छ केले, वाळवले आणि मुद्दाम एक रात्र पाण्याच्या बादलीशेजारी गोणपाटाखाली ठेवले. सकाळी त्यांच्या खड्ड्यांतून टाचणीच्या डोक्याएवढे नारिंगी थेंब घामोळ्यांसारखे फुटले होते. खड्ड्याच्या तळाशी क्लोराइड शिल्लक असल्याची ही खूण. असा ब्रॅकेट कितीही गुळगुळीत दिसला तरी रंगवायचा नाही.

इथे आम्लाचा उपयोग नाही, इथे विजेचं काम. प्लास्टिकच्या टबात पाणी, दर ४ लिटरला साधारण एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, आणि १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. ऋण टोक ब्रॅकेटला, धन टोक भंगारातल्या लोखंडी पट्टीला. उलटं जोडलं तर ब्रॅकेटच झिजेल, म्हणून दोनदा तपासायचं. स्टीलची, म्हणजे स्टेनलेसची पट्टी कधीही लावू नये, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. मीठही घालायचं नाही. ब्रॅकेटवरून जे बुडबुडे निघतात तो हायड्रोजन, त्यामुळे उघड्यावर ठेवायचं, जवळ बिडी-सिगारेट नको आणि हात घालण्याआधी चार्जर बंद. या पद्धतीत गंज सैल होतोच, शिवाय खड्ड्यांतलं क्लोराइड बाहेर ओढलं जातं. समुद्रातून काढलेल्या लोखंडी वस्तू जतन करणारे लोक हेच तत्त्व वापरतात. सोड्याचं पाणी मधे मधे बदललं. शेवटचं खळबळून धुणं मात्र विहिरीच्या पाण्याने केलं नाही. कालव्याखालच्या भागात विहिरीचं पाणी बऱ्याचदा खारवट असतं, आत्ता काढलेलं क्लोराइड पुन्हा घालण्यात अर्थ नव्हता. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर वापरलं. मग पुन्हा गोणपाटाखालची रात्र, आणि थेंब फुटले नाहीत तेव्हाच पुढचं पाऊल.

बॉनेटच्या लॉकची स्प्रिंग आणि जास्त ताकदीचे काही बोल्ट ना आम्लात गेले ना विजेवर. कडक पोलादात हायड्रोजन शिरला की ते ठिसूळ होतं आणि भार आल्यावर न सांगता तुटतं. बॉनेट चालत्या गाडीत उघडलं तर काय होईल याचा विचार करावा. स्प्रिंग रॉकेलमध्ये भिजवून पितळी ब्रशने घासली, पुसली, मेणाचा हात दिला. तिला रंग नाही आणि मुलामाही नाही.

बॅटरीचा ट्रे खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतला, सडलेला तुकडा कापून १८ गेजचा पत्रा वेल्ड केला. त्यात विशेष काही नाही.

आता कशाला रंग आणि कशाला मुलामा? नट-बोल्ट-वायसरना रंग लावणं मला पटत नाही. पाना लागला की डोक्याच्या कोपऱ्यांवरचा रंग उडतो आणि आट्यांतला रंग बोल्ट नीट बसू देत नाही. जास्त ताकदीचे बोल्ट वगळून बाकी सगळे जस्ताच्या मुलाम्यासाठी अंबडच्या एमआयडीसीत दिले. नाशिकला वाहन उद्योग असल्याची ही सोय आहे, प्लेटिंगवाले किलोवर माल घेतात. एवढंच सांगितलं की थर ८ मायक्रॉनच्या आसपास ठेवा. आट्यांच्या उतारामुळे मुलाम्याच्या जाडीच्या चौपट वाढ आट्याच्या व्यासात होते. थर फार जाड झाला की जुना नट त्याच बोल्टवर चढत नाही. मालाची एकूण एक यादी आणि फोटो सोबत दिले, कारण मोठ्या पिंपात आपले चार वायसर कुणाच्या तरी मालात सहज जातात.

बिजागऱ्यांना बॉडीचाच रंग, ब्रॅकेट, ट्रे आणि क्लॅम्पला अर्धचमक काळा. बिजागरीच्या पिना कोऱ्या ठेवून ग्रीस. या गाडीत पिनांना फार महत्त्व आहे. पुढची दारं उलटी उघडतात, धावत्या गाडीत लॉक सुटलं तर वारा दार बंद करत नाही, उपटून उघडतो. म्हणून पुढच्या दारांची प्रत्येक पिन रंगाआधी हलवून पाहिली. एक झिजलेली होती, ती लेथवर नवी करून घेतली. रंग कितीही देखणा असो, ढिली पिन त्याखाली झाकायची नाही.

रंगकाम दिवाळीनंतर घेतलं. पावसाळ्यात नाशिकच्या हवेत रंग मारायला माझा ठाम विरोध आहे. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर गन हातात धरू नये, आणि लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश जास्त असावं. एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंग दमट हवेत पांढरट पडतो हे प्रत्येक पेंटर जाणतो, पण प्रायमरखाली अडकलेला ओलावा दिसत नाही, तो वर्षभराने दिसतो. हिवाळ्यात उलटी अडचण: निफाडला सकाळी लोखंड बर्फासारखं गार. म्हणून सामान आदल्या रात्री घरात ठेवलं आणि ऊन चांगलं चढल्यावर काम सुरू केलं.

पेंटर चाचांचा हात रेड ऑक्साइडवर बसलेला. त्यांना म्हटलं, "चाचा, या वेळी दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर." ते म्हणाले, "चालेल, पण लोखंड आज साफ केलं तर आजच मारायचं." त्यांचं अगदी बरोबर होतं. कोरं लोखंड काही तासांत पुन्हा पिवळं पडायला लागतं. थिनरने पुसलं, त्यानंतर उघड्या बोटांनी शिवलं नाही, आट्यांत मास्किंग टेप आणि भोकांत लाकडी खुंट्या. प्रायमरचे दोन पातळ हात, मग पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, साध्या रुमालाने ते अडत नाही. चाचांना फिल्टरचा मास्क लावायला लावला आणि तो त्यांनी शेवटपर्यंत काढला नाही.

जोडणी करताना रंग पूर्ण कडक होऊ दिला. वरवर सुकलेल्या रंगावर वायसर आवळला की तो रंगात रुततो आणि तिथूनच गंज सुरू होतो. बोल्टना हलकं ग्रीस लावलं होतं, म्हणून टॉर्क कोरड्या आट्यांपेक्षा कमी ठेवला. ब्रॅकेटच्या दुहेरी पत्र्यांच्या सांध्यांत पोकळीत सोडायचं पातळ मेण (कॅव्हिटी वॅक्स) सोडलं.

गाडी परत त्याच बागेत गेली, पण शेड तशी राहिली नाही. नानांनी पोती आणि मोरचूद पंपाच्या खोलीत हलवलं, पत्र्याला वरच्या बाजूने दोन झरोके पाडले आणि गाडीला प्लास्टिकच्या ताडपत्रीऐवजी सुती आच्छादन केलं. प्लास्टिकखाली दव कोंडून राहतं.

पुढच्या पावसाळ्यानंतर मी सगळं सामान पुन्हा पाहिलं. बिजागऱ्या स्वच्छ, आट्यांत गंजाचा मागमूस नाही. मडगार्डखालच्या काही बोल्टवर पांढरी भुकटी आली होती, ती जस्ताची. म्हणजे जस्त आपलं काम करतंय. ती पुसून मेण लावलं. मागच्या उजव्या ब्रॅकेटच्या वेल्डच्या सांध्यात मात्र एक नारिंगी ओघळ होता. दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत ना वीज नीट पोचली ना मणी. तेवढा ब्रॅकेट उतरवून आणलाय. त्याचे वेल्ड फोडून दोन्ही पत्रे वेगळे करायचे, स्वतंत्र टबात घालायचे आणि प्रायमर मारूनच पुन्हा जोडायचे असं ठरलंय. नाना म्हणाले, छाटणी उरकली की सावकाश कर, गाडीला बंपर नसला तरी ती बागेत फिरते.